वळसा घालून लवकर

(दृश्य: राउटर. त्याच्या शेजारी एक लॅपटॉप, तीन भिंतींपलीकडे दुसरा. पडद्याच्या कोपऱ्यात मिलिसेकंद मोजणारं घड्याळ.)

निवेदन:
दोन लॅपटॉप, एक राउटर आणि दोघांत मिळून एकच चॅनल, म्हणजे हवेतली एकच वाट: एका वेळी एकानेच बोलायचं. जवळचा लॅपटॉप सेकंदाला 11 मेगाबिट वेगाने पाठवतो. लांबच्याचा सिग्नल भिंतींतच निम्मा जिरतो, म्हणून त्याला 1 मेगाबिटवर भागवावं लागतं. हे वेग 1999 सालच्या 802.11बी वाय-फायचे. आता ते जुने झाले, पण तोंडी हिशेबाला सोपे आहेत.

घड्याळ बघा. 1500 बाइटचं एक पॅकेट, म्हणजे माहितीचा एक गठ्ठा. जवळचा ते 1.1 मिलिसेकंदात उरकतो. लांबच्याला लागतात 12.

वाय-फायवर मुकादम नसतो. आधी कानोसा घ्यायचा, हवा मोकळी दिसली की चिठ्ठी उचलल्यासारखा जो आकडा निघेल तितकं थांबायचं आणि मग पाठवायचं. 1971 साली हवाई बेटांवर अलोहानेट हे बिनतारी जाळं सुरू झालं तेव्हा कानोसाही नव्हता. ज्याला हवं त्याने पाठवावं, टक्कर झाली तर पुन्हा पाठवावं. अशा कारभारात चॅनलचा फार तर 18 टक्के वेळ सत्कारणी लागतो. पुढची सगळी मेहनत गेली ती एकाच प्रश्नावर: कोणी कधी बोलायचं?

पण चिठ्ठीतून पाळी मिळते. ती किती लांबायची, हे चिठ्ठी सांगत नाही. दोघांना सारख्या पाळ्या मिळाल्या, तरी दर 13.1 मिलिसेकंदांतले 12 लांबचाच खातो आणि 11 मेगाबिटवाला 1 मेगाबिटच्याही खाली येतो. ग्रनोबलच्या संशोधकांनी 2003 साली हे मांडलं, तेव्हा ‘न्याय’ या शब्दाची जरा पंचाईतच झाली.

(दृश्य: दोघांच्या मधोमध तिसरा लॅपटॉप उजळतो.)

आता हा मधला. त्याला दोन्हीकडे 11 मेगाबिट मिळतात. पॅकेट आधी त्याच्याकडे, मग राउटरकडे. एकाच्या दोन फेऱ्या, तरी वेळ 2.2 मिलिसेकंद. बाराच्या जागी!

न्यूयॉर्कच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2007 साली कूपमॅक या पद्धतीत हेच बसवलं. लांबचा लॅपटॉप इतरांची बोलणी ऐकत राहतो आणि कोणाचा कोणाशी किती वेग जमतो ते तक्त्यात टिपतो. दोन टप्प्यांचा मिळून वेळ थेट वाटेपेक्षा कमी भरला, तरच मदतनीस निवडायचा. मग तीन छोटे निरोप. लांबचा विचारतो, ‘याच्यामार्फत पाठवू?’ मधला म्हणतो, ‘मी तयार.’ राउटर म्हणतो, ‘येऊ दे.’ मधला गप्प राहिला, तर मुकाट्याने थेट वाट धरायची.

मधल्याला यात काय मिळतं? त्याची बॅटरी खर्च होते हे खरं. पण लांबच्याने हवा अडवली की पाळीसाठी तोही ताटकळतोच. बाराचे सव्वादोन झाले की त्याचाही नंबर लवकर लागतो. हा परोपकार नाही, चोख व्यवहार आहे.

बाजारातला साधा रिपीटर, म्हणजे सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा डबा, मात्र वेगळा. त्याच्यामार्फत जोडलं की प्रत्येक पॅकेट दोनदा हवेत जाणार, थेट वाट चांगली असली तरी. एकाच चॅनलवर तो चालला की वेग निम्म्यावर येतो आणि लोक राउटरला शिव्या घालतात.

मधल्यामार्फत पाठवण्याच्या, म्हणजे रिलेच्या, हिशेबालाही बट्टा लागतोच. प्रत्येक फेरीआधी प्रस्तावनेचे संकेत, शिवाय ते तीन निरोप. त्यामुळे चार अक्षरांच्या निरोपासाठी वळसा तोट्याचा. शिवाय मधला बोलू लागला की त्याच्या आसपासच्यांनाही गप्प बसावं लागतं, ज्यांच्या कानावर लांबच्याचा आवाज कधी गेलाच नसता.

(दृश्य: मोकळं माळरान, खांबावर सेन्सर.)

2016 सालच्या 802.11एएच मानकात रिलेला रीतसर जागा मिळाली. ते आहे बॅटरीवर चालणाऱ्या सेन्सरांसाठी, आणि इथे वेगाचं कौतुक कोणाला नाही. जवळच्या रिलेपर्यंतच पोचायचं असलं की सेन्सर आपलं म्हणणं झटकन सांगतो, रेडिओ बंद करतो आणि झोपी जातो.

(घड्याळ थांबतं.)