दारू, पण ठासायची

दारू म्हटलं की डोळ्यासमोर आधी बाटलीच येते, हसू नका, सगळ्यांच्याच येते. पण आपण बोलणार आहोत ती दुसरी दारू, तोफेत ठासायची आणि आकाशात उडवायची. गंमत म्हणजे दोन्ही दारूंचं मूळ एकच, फारसीतला दारू हा शब्द, अर्थ औषध. आपण अजून दवादारू म्हणतोच की. आणि चिनी लोक या काळ्या भुकटीला काय म्हणतात, तर हुओयाओ, म्हणजे शब्दशः आगीचं औषध.

हे नाव उगाच पडलेलं नाही. नवव्या शतकात चीनमधले ताओ पंथाचे किमयागार अमर होण्याचं औषध शोधत होते, भट्टीवर हे घाल ते घाल चालू होतं. त्याच सुमाराच्या एका ग्रंथात चक्क इशारा दिलाय, की गंधक, मनशीळ (आर्सेनिकचं लालसर खनिज) आणि सोरा (पोटॅशियम नायट्रेट) मधात कालवून तापवू नका, काही जणांनी तापवलं तर हात-तोंड भाजलं आणि राहतं घर जळून गेलं. अमर व्हायला निघालेल्यांच्या हाती काय लागलं बघा!

आता ही भुकटी नेमकी करते काय ते आधी बघू, कारण ते कळलं की पुढचा सगळा इतिहास सोपा होतो. साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. कोळसा हे जळण, गंधकामुळे लवकर पेट घेते, आणि खरी जादू सोऱ्याची, कारण सोऱ्यात ऑक्सिजन आधीच भरलेला असतो. एरवी आग झाकली की विझते, हिला मात्र बाहेरची हवा लागतच नाही, नळीत कोंबा नाहीतर जमिनीत पुरा, ती जळणारच.

चिमूटभर उघड्यावर ठेवून काडी लावली तर भुस्स करून जाते, बस, पांढरा धूर. तीच कागदात घट्ट गुंडाळली की फटाका. लोखंडात कोंडली की बॉम्ब. नळीचं एक तोंड उघडं ठेवून तिथे गोळा बसवला की तोफ, आणि गोळा न बसवता नळीच मोकळी सोडली की बाण, म्हणजे रॉकेट. भुकटी तीच, फरक सगळा नळीचा. माझ्या मते दारूचा इतिहास हा खरं तर नळीचा इतिहास आहे.

चीनमध्ये १०४४ च्या एका लष्करी ग्रंथात दारूच्या कृती लिहून ठेवलेल्या सापडतात. ११३२ मध्ये दे-आन शहराच्या वेढ्यात बांबूच्या नळीत दारू भरून भाल्यासारखी वापरली, तोंडातून आगीचा फवारा. मग बांबूच्या जागी धातू आला. आता स्क्रीनवर दिसतेय ती काशाची हातनळी चीनच्या हेइलोंगजियांग प्रांतात १९७० साली सापडली, १२८८ च्या आसपासची, वजन जेमतेम साडेतीन किलो. मागचा भाग फुगीर आहे ना, तिथे दारू ठासायची, आणि तिथलं ते बारीक भोक म्हणजे तिचा कान, तिथून बत्ती द्यायची.

हे ज्ञान पश्चिमेकडे सरकलं तेव्हा अरबांनी सोऱ्याला नाव दिलं चिनी बर्फ, काय सुंदर नाव आहे. युरोपात रॉजर बेकन नावाच्या इंग्रज पाद्र्याने १२६७ च्या सुमारास दारूबद्दल लिहिलं, आणि त्याने वर्णन केलंय ते तोफेचं नाही हां, तर अंगठ्याएवढ्या एका खेळण्याचं, जे मोठ्ठा आवाज करून फुटतं. पण पुढच्या साठ वर्षांतच, १३२६ च्या एका इंग्लिश हस्तलिखितात सुरईसारखी तोफ काढलेली आहे, टेबलासारख्या घडवंचीवर आडवी ठेवलेली, तोंडात गोळ्याऐवजी भला मोठा बाण, आणि एक चिलखतवाला शिपाई हात लांब करून कानाला बत्ती देतोय. चांगलाच अंतर राखून उभा आहे तो. बरोबरच आहे म्हणा, त्या काळच्या तोफा कधी स्वतःच फुटतील याचा नेम नसायचा.

मग १४५३, कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. ऑर्बान नावाचा हंगेरीचा तोफा ओतणारा आधी तिथल्या सम्राटाकडेच गेला होता, पण सम्राटाची तिजोरी रिकामी, पगार परवडेना, मग हा गेला थेट शहर जिंकायला निघालेल्या तुर्कांच्या सुलतान दुसऱ्या मेहमदकडे. तोफ इतकी अवजड की ओढायला ६० बैल लागल्याचं त्या काळच्या इतिहासकाराने लिहिलंय. ५०० किलोच्या वरचा दगडी गोळा, आणि दिवसातून मोजून सात-आठ बार, कारण प्रत्येक बारानंतर तोफ थंड होईपर्यंत थांबायचं. पण हजार वर्षं टिकलेली तटबंदी त्या माऱ्याने खचली आणि २९ मेला शहर पडलं.

आता तोफा सगळ्यांनाच हव्या झाल्या आणि अडचण आली सोऱ्याची. कोळसा कुठेही मिळतो, गंधक विकत मिळतं, सोरा मात्र शेण-मूत कुजलेल्या मातीत तयार होतो. जुन्या भिंतीला पांढरा लोणा लागतो ना, त्याच जातीतला प्रकार. ती माती खणायची, पाण्यात धुवायची, राख घालायची, पाणी उकळून आटवायचं, मग तळाला खडे धरतात. इंग्लंडमध्ये राजाची माणसं परवानगी न विचारता लोकांचे तबेले आणि कबुतरखाने उकरायची, आणि १६२६ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाने फर्मान काढलं की प्रजेने स्वतःचं आणि जनावरांचं मूत्र साठवून ठेवावं. साम्राज्य असं मुतावर उभं होतं. पुढे बिहारचा सोरा जहाजांनी युरोपात जायला लागला, डच काय आणि इंग्रज काय, पाटण्यात वखारी घालून बसले होते.

आता जल्लोषाचं बघू. लंडनमध्ये एक सरकारी हुद्दाच होता, युद्धाच्या आणि विजयोत्सवाच्या अशा दोन्ही दारूकामांवर एकच अधिकारी. १७४९ मध्ये ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धाचा तह झाला म्हणून तिथे ग्रीन पार्कमध्ये प्रचंड आतषबाजी ठेवली, संगीत खास हँडेलचं. लाकडी मंडप उभारला, पाऊस आला, अर्धी दारू सादळली आणि उरलेल्या अर्ध्यातून मंडपानेच पेट घेतला. मंडपाचा इटालियन रचनाकार इतका भडकला की त्याने त्या दारूकामाच्या अधिकाऱ्यावर तलवार उपसली, आणि अटक झाली. तहाचा आनंद हो हा!

बाणांची गोष्ट उलट्या दिशेची. बाण सगळीकडेच होते, पण म्हैसूरच्या हैदर आणि टिपूने नळी लोखंडाची केली. लोखंड फुटत नाही म्हणून आत दारू जास्त घट्ट ठासता येते, त्यामुळे जोर जास्त, पल्ला कागदी बाणापेक्षा कितीतरी लांब. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी हे बाण लंडनला नेले, विल्यम काँग्रीव्हने त्यावरून आपले बाण बनवले, आणि १८०७ मध्ये कोपनहेगन पेटलं. १८१४ मध्ये तेच बाण बाल्टिमोरच्या किल्ल्यावर पडले, अमेरिकेच्या राष्ट्रगीतात रॉकेटची लाल चमक येते ती तिथली.

एक गोष्ट राहिलीच, रंग. १८३० च्या आधीची आतषबाजी बहुतेक सोनेरी-पांढरीच असायची, कोळशाच्या आणि लोखंडाच्या ठिणग्या. पोटॅशियम क्लोरेट आल्यावर ज्योत जास्त तापायला लागली, मग स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा. निळा मात्र आजही सगळ्यात अवघड, तो तांब्यापासून येतो आणि ज्योत जरा जास्त तापली की रंग देणारं संयुगच मोडतं, फिका पडतो. पुढच्या वेळी आतषबाजी बघाल तेव्हा गडद निळा शोधा, दिसला तर कारागीर पक्का समजायचा.

लष्कराचा मात्र जीव या दारूला विटला होता तो धुरामुळे. जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग घन कण म्हणून उरतो, दोन-चार फैरी झाल्या की समोरचं काही दिसायचंच नाही. १८८४ मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने जवळजवळ बिनधुराची दारू बनवली, आणि काही दशकांतच तोफा-बंदुकांतून काळी दारू हद्दपार झाली. आतषबाजीवाल्यांनी तिला सोडलं नाही. जमिनीत उभी पुरलेली नळी, तळाला काळी दारू, तिच्यावर रंगाच्या गोळ्या भरलेला गोळा, आणि खालून बत्ती. त्या नळीला ते आजही मॉर्टर म्हणतात, म्हणजे उखळी तोफ.