सदिशांची बेरीज: क्रम बदलला तरी मुक्काम तोच

पडद्यावर एका बिंदूपासून पूर्वेकडे ३ मीटरचा बाण निघतो आणि त्याच्या टोकापासून उत्तरेकडे ४ मीटरचा दुसरा. आरंभबिंदूपासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत काढलेला तिरका बाण म्हणजे या दोन सदिशांची बेरीज. पायथागोरसच्या प्रमेयानुसार तिची लांबी ५ मीटर भरते, ७ नव्हे. दोन्ही बाण एकाच दिशेने ठेवले तर ७, परस्परविरुद्ध ठेवले तर १. इतर कोनांत बेरजेची लांबी या दोहोंच्या दरम्यान राहते.

आता आधी उत्तरेकडे ४ आणि मग पूर्वेकडे ३ मीटर जाऊ. वाट बदलली, तरी पोहोचलो त्याच ठिकाणी; कारण दोन्ही वाटा मिळून आयत होतो, आणि बाण काटकोनात नसतील तर समांतरभुज चौकोन, ज्याचा तोच कर्ण दोन्ही वाटांची बेरीज दाखवतो. दोन बलांचा एकत्रित परिणाम न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त याच कर्णाने दाखवला.

तीन सदिशांत कंस कुठेही घातला तरी उत्तर बदलत नाही, शून्य सदिश मिळवल्याने काही फरक पडत नाही, आणि विरुद्ध सदिश मिळवला की बेरीज शून्य होते. हे गुणधर्म सहज पटतात. क्रमनिरपेक्षता मात्र वाटते तितकी गृहीत धरण्याजोगी नाही, आणि ‘परिमाण व दिशा असलेली राशी म्हणजे सदिश’ ही पाठ केलेली व्याख्या इथेच अपुरी पडते.

मुखपृष्ठ वर ठेवून टेबलावर आडवे ठेवलेले हे पुस्तक पाहा. ते टेबलावरच घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ९० अंश फिरवले आणि मग त्याची पलीकडची कड उचलून ते उभे केले, तर मुखपृष्ठ आपल्याकडे येते, पण अक्षरे आडवी होतात. आधी उभे करून मग तसेच फिरवले, तर अक्षरे सरळ राहतात, पण मुखपृष्ठ डावीकडे वळते. प्रत्येक फिरवण्याला कोन आहे, अक्षाची दिशाही आहे. तरीही त्यांची सदिशांसारखी बेरीज होत नाही. गणितज्ञ हॅमिल्टनने १८४३ साली डब्लिनमध्ये शोधलेल्या क्वाटर्निअन या चार घटकांच्या संख्यांनी अशी परिवलने मांडता येतात, ती त्यांच्या गुणाकारात क्रमाला महत्त्व असल्यामुळेच.

कोन लहान करत गेले की हा फरक झपाट्याने घटतो: दोन्ही कोन १ अंशाचे घेतले, तर दोन क्रमांतील तफावत अंशाच्या सुमारे सत्तावन्नाव्या भागाइतकीच उरते. म्हणूनच अतिसूक्ष्म परिवलनांवरून ठरणारा कोनीय वेग (वस्तू कोणत्या अक्षाभोवती किती वेगाने फिरते ते सांगणारी राशी) हा सदिश असतो आणि त्याची बेरीज कर्णाच्या नियमानेच करता येते.