कोतपल्लीवार

(सिरोंचा, गडचिरोली जिल्हा. सकाळ. प्राणहिता नदीचा घाट.)

पलीकडे दिसतंय ते तेलंगण. इथून थोडं खाली ही प्राणहिता गोदावरीला मिळते, अन् समोरच्या काठावर कालेश्वराचं देऊळ.

पुण्यात 'कोतपल्लीवार' हे आडनाव सांगितलं की समोरचा दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा कागद पुढे करतो. लिहून द्या. इकडे वणी, पांढरकवडा, चंद्रपूर, अहेरी या पट्ट्यात मात्र 'वार' ऐकून कोणी मानही वळवत नाही. मुनगंटीवार, वडेट्टीवार, मुत्तेमवार... निवडणुकीच्या बातम्या ऐकणाऱ्यांना यादी पाठच आहे.

आता नाव फोडून बघू. तेलुगूत 'कोत्त' म्हणजे नवं. 'पल्ली' म्हणजे गाव, आलापल्लीतली तीच पल्ली. राहिला 'वार'. हा सोमवारातला नव्हे, तलवारीचाही नव्हे. तेलुगूत 'वारु' म्हणजे मंडळी. नव्या गावची मंडळी! आपल्याकडे नवेगावकर असतात ना, तसंच. फक्त तेलंगणात कोत्तपल्ल्या ढिगानं आहेत. त्यातली नेमकी कोणती, ते आडनावात लिहिलेलं नाही.

तेलुगूत आडनावाला म्हणतात 'इंटिपेरु'. इंटि म्हणजे घराचं, पेरु म्हणजे नाव. तिकडे ते माणसाच्या नावाआधी लावतात. नदी ओलांडली अन् ते मागे जाऊन बसलं. मराठी रीत. कोमटी, पद्मशाली अशा कितीतरी समाजांची आडनावं अशीच 'वार' लावून इकडे मुरली. चिंतलवार घ्या. मराठी कानाला त्यात काळजी ऐकू येते, तेलुगूत मात्र 'चिंत' म्हणजे चिंचेचं झाडही.

(मतदार यादीची पानं.)

कोतपल्लीवार एकूण किती? २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्यात १० लाख ७२ हजारांवर माणसं मोजली गेली. मातृभाषा विचारली, पण आडनावांचा तक्ता सरकार काढत नाही. मग आम्हीच मतदार याद्या घेऊन बसलो. कोतपल्लीवार, कोत्तपल्लीवार, कोथपल्लीवार. एकाच घरात बाप 'त' चा, लेक 'थ' चा. वेगळी घराणी धरायची की लिहिणाऱ्याचा हात? अर्ध्या तासात वही मिटली.

(किराणा दुकान. गल्ल्यावर आजी.)

आजी सुटे पैसे मोजतात. ओकटि, रेंडु, मूडु... अन् गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवताना म्हणतात, "घे बापू, तीन रुपये." मोजणं तेलुगूत, देणं मराठीत. नातू मागे मोबाइल बघत बसलाय. तेलुगू येते का रे?

"समजते. बोलता नाही येत."

आजींनी आमच्या कॅमेरावाल्याला वरून खाली न्याहाळलं. "मी इंटिपेरु एमिटि?" तुमचं आडनाव काय?

तो बिचारा अमरावतीचा. हात जोडून म्हणाला, "नको आजी, पेरू नको. आत्ताच जेवलो."