फोटो काढणारा कुठे आहे?

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? मग पडद्याजवळचा तेवढा दिवा घालवा, म्हणजे हा फोटो नीट दिसेल.

ही मी, सातेक वर्षांची, आणि हा माझा धाकटा भाऊ. दोघांचे डोळे बारीक, कपाळाला आठ्या. बघणाऱ्याला वाटेल, पोरांना आत्ताच कुणीतरी झापलंय. तसं काही नव्हतं, ऊन तोंडावर होतं. साध्या कॅमेऱ्यांच्या काळात फोटो शिकवणारा प्रत्येक जण पहिली गोष्ट हीच सांगायचा, की सूर्य पाठीशी घ्या. काढणाऱ्याच्या पाठीशी म्हणजे अर्थातच आमच्या डोळ्यांत.

आता खाली बघा, आमच्या पायांच्या अलीकडे. जमिनीवर एक काळा आकार पसरलाय. खांदे, वाकलेली मान आणि दोन्ही बाजूंना बाहेर आलेली कोपरं, एखाद्या दोन कानांच्या भांड्यासारखी. ते आमचे बाबा. बॉक्स कॅमेरा पोटाशी धरायचा आणि वरच्या इवल्याशा काचेत वाकून बघायचं, म्हणून ती मान तशी आणि कोपरं तशी.

बाबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एक धड फोटो हवा होता. नऊ अल्बम काढून बसलो. आमचे हवे तितके. मावशीचे तर तिला स्वतःलाही नको असतील इतके. बाबांचे निघाले चार, त्यातला एक ओळखपत्राचा आणि एकात त्यांचा अर्धा कान. घरातला सगळ्यात जास्त फोटोंशी संबंध असलेला माणूस फोटोंतून जवळजवळ गायब! तेव्हापासून मला खोडच लागली. घरगुती फोटो दिसला की मी आधी विचारते, काढणारा कुठे आहे?

ही गंमत जुनी आहे. १९ ऑगस्ट १८३९ला फ्रान्समध्ये दागेर यांची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली, तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागायची. पुढच्या चार-पाच वर्षांत वेळ मिनिटाच्या आत आला, तरी डोकं हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार असायचा. मोठी माणसं बसायची तशी. तान्ह्या बाळाला कोण सांगणार? मग आईलाच खुर्चीत बसवायचं, तिच्यावर डोक्यापासून पायापर्यंत कापड टाकायचं आणि मांडीवर बाळ ठेवायचं. म्हणजे खुर्चीवर खोळ घातल्यासारखं दिसेल. एकोणिसाव्या शतकातले असे फोटो आज संग्राहक मुद्दाम शोधतात. काहींत कापडाखालून आलेले हात बाळाला धरून असतात. काही प्रिंट्समध्ये आईचा चेहरा चक्क खरवडून काढलेला असतो. एकदा तो हात दिसला ना, की बाळाकडे लक्षच जात नाही.

तरी तेव्हा निदान फोटोग्राफर परका होता. स्टुडिओत गेलं की सगळं कुटुंब चौकटीत बसू शकायचं. १८८८मध्ये अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने कोडॅक नावाचा कॅमेरा आणला: आत शंभर फोटोंचा रोल, बघायला काच नाही, नुसता रोख धरून बटण दाबायचं आणि रोल संपला की कॅमेराच कारखान्यात परत पाठवायचा. किंमत २५ डॉलर. १९००मध्ये त्याच्याच कंपनीचा ब्राउनी एका डॉलरला आला आणि कॅमेरा खऱ्या अर्थाने घरात शिरला. याचं कौतुक सगळे करतात, मीही करते. पण त्याच दिवशी प्रत्येक कुटुंबातला एक जण चौकटीबाहेर गेला, हे कुणी फारसं बोलत नाही. पुढे सेल्फ-टायमर आले. त्यांनी एवढंच केलं, की तो एक जण धावत येऊन कडेला उभा राहतो आणि त्याचा नेमका केसांचा भाग हललेला येतो.

मोबाइलवरून पाठवलेल्या फोटोची गोष्ट निघाली की हमखास सांगितला जाणारा प्रसंगही घरातलाच आहे. ११ जून १९९७, कॅलिफोर्नियातलं एक प्रसूतिगृह. फिलिप कान या उद्योजकाने डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाइल फोन एकमेकांना जोडून आपल्या नुकत्याच जन्मलेल्या मुलीचा फोटो तिथल्या तिथे ओळखीच्या लोकांना पाठवला. मुलगी आहे. बाप अर्थातच नाही.

आता तुम्ही म्हणाल, सेल्फी आला, प्रश्न मिटला. माणूस आत आला खरा, पण हातभर अंतरावरून. एवढ्या जवळून कानांच्या मानाने नाक कॅमेऱ्याच्या फार जवळ असतं, म्हणून ते थोराड दिसतं. हा दोष ना नाकाचा ना भिंगाचा, अंतराचा आहे. फोन दुसऱ्याच्या हातात द्या, त्याला दोन मीटर मागे जाऊ द्या आणि दुप्पट झूम करायला सांगा. तोच चेहरा ओळखीचा होतो.

आणि ‘माझा फोटो चांगला येत नाही’ म्हणून पळणारी माणसं! त्यांचंही एका अर्थी खरं असतं. १९७७मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. एकाच चेहऱ्याच्या दोन प्रिंट काढल्या, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखी उलटी. ज्याची त्याला बहुतेक वेळा उलटी आवडली, मित्रमैत्रिणींना सरळ. आपण स्वतःला आरशात बघत आलेलो असतो. फोटोत भांग भलत्याच बाजूला जातो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. बाकीच्यांना ती रोजचीच आई दिसते. म्हणून माझं म्हणणं, तो फोटो पुसून टाकायला तिच्या हातात लगेच फोन देऊ नका. फोटो राहू द्या. लावायचा की नाही, कुणाला दाखवायचा की नाही, हे मात्र तिलाच विचारा. लहान मुलांनाही विचारा. आंघोळीचे फोटो चारचौघांत फिरवणारे आईबाप बघितले की मला ते पोर पंधरा वर्षांचं झालेलं दिसायला लागतं.

लावण्याबद्दल थोडं, कारण मला सगळ्यात जास्त तेच विचारतात. भिंतीवर नक्कल, मूळ प्रिंट अंधारात, कोरड्या जागी. उजेडाने रंग उडतात हे माहीत असतं, पण सत्तरच्या दशकातल्या कितीतरी रंगीत प्रिंट बंद अल्बममध्येही लालसर झाल्या, कारण त्यांतला निळसर रंग अंधारातसुद्धा टिकला नाही. फोटो थेट काचेला चिकटेल अशी फ्रेम करू नका. दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला धरतो आणि मग ओढला की चेहराच निघून येतो. मध्ये जाड पुठ्ठ्याचा माउंट हवा. चिकट पानांवर प्लास्टिक ओढायचे ते अल्बम सगळ्यात वाईट. त्यांतले फोटो अजून सुटत असतील तर आजच सोडवा.

मागे नावं लिहा. जुन्या कागदावर मऊ पेन्सिलने, कडेला, न दाबता. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे न पुसणारं बारीक टोकाचं पेन, आणि शाई पुरती वाळेपर्यंत फोटो एकावर एक ठेवायचे नाहीत. सगळे लिहितात कोण, कुठे, कधी. मी चौथी गोष्ट लिहायला लावते: कोणी काढला. मोबाइलचा फोटो तारीख, वेळ, फोनचं मॉडेल, चालू असेल तर ठिकाणसुद्धा स्वतःच नोंदवून ठेवतो. फोन कुणाच्या हातात होता, हे त्याला ठाऊक नसतं.

आता पुन्हा पहिल्या फोटोकडे. याची नक्कल मी फ्रेम करायला दिली होती. आठवड्याने आणायला गेले. काम सुबक, माउंट छान, फक्त खालची दोन बोटं पट्टी नाहीशी. फ्रेमवाले खुशीत म्हणाले, “ताई, खाली काळं आलं होतं, ते काढून टाकलं. आता पोरं कशी उठून दिसतात बघा!” खरंच उठून दिसत होतो. त्यांना काय बोलणार? पैसे दिले, घरी आले, दुसरी प्रिंट काढली आणि या वेळी मागे पेन्सिलने लिहून दिलं, ‘खालची सावली आमची आहे, कापू नये.’ भाऊ आला, दोन्ही फ्रेम हातात धरून बघत बसला. कापलेली त्याने खाली ठेवली आणि म्हणाला, “यात आपण हरवल्यासारखे दिसतो.”

आयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, शेवटी सगळ्यांचा एक फोटो. जरूर. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी हिशेब मांडला होता, त्यांना २००६चा इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कारही मिळाला: उजेड चांगला असेल आणि माणसं विसाच्या आत असतील तर संख्येला तीनने भागा, निदान तितके फोटो काढा, म्हणजे सगळ्यांचे डोळे उघडे असलेला एक बहुतेक मिळतो. या पायऱ्यांवर अठरा जण मावतील, म्हणजे सहा. आणि हो, खांबाजवळ मघापासून उभे आहात ते तुम्ही, पाऊण तास आमचेच फोटो काढताय. तीन तुम्ही काढा. मग कॅमेरा इकडे द्या आणि त्यांच्यात जाऊन उभे राहा. उरलेले तीन मी काढते.