१५ मिनिटांची किल्ली

पडद्यावर दिसतेय ती होम फोल्डरमधली एक छोटी फाइल. आत चार-पाच ओळी, आणि त्यात पासवर्ड, तोही उघड लिहिलेला! पायथन या प्रोग्रामिंग भाषेची पॅकेजं जिथून उतरवली जातात त्या पायपीआयवर नवी आवृत्ती चढवायची, तर २०१९ पर्यंत हाच रस्ता होता. एका पॅकेजच्या स्क्रिप्टला अख्खं खातं आंदण.

पायपीआयचा मुक्त स्रोत कोड म्हणजे वेअरहाउस. २०१९ मध्ये त्यात एपीआय टोकन आले, म्हणजे पासवर्डऐवजी स्क्रिप्टला द्यायच्या किल्ल्या. ते मॅकरून पद्धतीचे: सही केलेलं टोकन, ज्याला अटी जोडता येतात. टोकनला 'फक्त याच प्रोजेक्टसाठी' अशी अट जोडली, की जुनी सही किल्ली म्हणून वापरून एचमॅक (गुप्त किल्लीने सही काढायची पद्धत) नवी सही काढतो. जुनी सही टोकनमध्ये उरतच नाही. त्यामुळे अट वाढवता येते, काढता येत नाही.

आता टोकन जवळून पाहू. आधी पायपीआय आणि हायफन, मग ए-जी-ई-आय. ही चार अक्षरं बेस६४ मधून (बाइट अक्षरांत लिहायची पद्धत) उलगडली की तीन बाइट निघतात: २, १, ८. मॅकरूनची आवृत्ती २, पुढची नोंद ठिकाणाची, तिची लांबी ८. 'पायपीआय डॉट ओआरजी'ची रोमन अक्षरं टिंबासकट मोजा. आठच भरतात. सुरुवात ठरलेली असल्यामुळे, टोकन चुकून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर उघड झालं तर स्कॅनर ते ओळखतो आणि पायपीआय ते रद्द करतं.

अडतं ते क्षुल्लक गोष्टींवर. युजरनेम म्हणून 'टोकन' हाच शब्द, मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर. पासवर्डच्या जागी पूर्ण टोकन, सुरुवातीच्या 'पायपीआय' आणि हायफनसकट. पेस्ट करताना शेवटी एन्टर आला की ४०३, म्हणजे प्रवेश नाकारला. नव्या प्रोजेक्टची वेगळीच पंचाईत: जो पायपीआयवर नाहीच, त्याच्यापुरतं टोकन निघत नाही. मग पहिल्या अपलोडला पूर्ण खात्याचं टोकन वापरायचं आणि लगेच रद्द करायचं. हे रद्द करणंच नेमकं राहून जातं.

एप्रिल २०२३ पासून टोकन साठवायचीच गरज उरली नाही. गिटहब ॲक्शन्स, म्हणजे वर्कफ्लो फाइलमध्ये लिहिलेली कामं आपोआप चालवणारी गिटहबची सेवा, ओआयडीसी या ओळख पटवायच्या पद्धतीने स्वतःची ओळख सांगतं. पायपीआय रेपो (कोडचा साठा), त्याचा मालक आणि वर्कफ्लो फाइलचं नाव ताडून पाहतं, आणि १५ मिनिटांचं टोकन देतं. वर्कफ्लो फाइलचं नाव बदललं आणि पायपीआयवर कळवायला विसरलात, तर रिलीज अडलंच.

ही ओळख मागायची परवानगी, म्हणजे आयडी-टोकनची राइट परवानगी, मात्र सगळ्या वर्कफ्लोला देऊ नका. बिल्ड एका जॉबमध्ये, पब्लिश दुसऱ्यात, आणि परवानगी फक्त दुसऱ्याला. बिल्डच्या वेळी परक्या पॅकेजांचा कोड चालतो. त्याच्या हाती ही किल्ली लागता कामा नये.