हालणारा पंखा

पडद्यावर दिसणारा हा पंखा नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावरचा आहे. तो १२०० मिलिमीटरचा, म्हणजे बाजारच्या भाषेत ४८ इंची असून त्याला तीन पाती आहेत. रेग्युलेटर दोनवर असताना तो अगदी शांत फिरतो, चारवर नेला की दांडी डोलू लागते आणि पाचवर भिंतीवरची त्याची सावलीसुद्धा एका जागी ठरत नाही. घरच्या काकूंची तक्रार एका वाक्याची आहे: “दिवाळीपासून असाच हालून राहिला.” त्या वाक्यातील दिवाळी आपण लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचाच उपयोग होणार आहे. नवा पंखा आणा, असा सल्ला शेजारून एव्हाना दोनदा येऊन गेला आहे.

दोनवर शांत असणारा पंखा पाचवर का हालतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. तिन्ही पात्यांचे वजन मध्यभागाभोवती सारखे वाटले गेले असेल, तर त्यांची बाहेरची ओढ एकमेकींना मारते आणि दांडी सरळ राहते. एका पात्यावर मध्यापासून अर्ध्या मीटरवर केवळ ५ ग्रॅम वजन जास्त असले आणि पंखा मिनिटाला ३५० फेरे घेत असला, तर ते ५ ग्रॅम दांडीला सुमारे ३४० ग्रॅम वजनाइतक्या जोराने बाजूला ओढतात, आणि ही ओढ सेकंदाला जवळजवळ सहा वेळा खोलीभर फिरून येते. शिवाय ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला की ओढ चौथाईवर येते. मोटार बिघडल्याशिवाय पंखा असा हालणार नाही, या समजुतीवर बरेच पंखे भंगारात गेले आहेत.

मिस्त्रींनी सर्वप्रथम मेन स्विच बंद केला आणि टेस्टर लावून खात्री केल्यावरच ते घोड्यावर, म्हणजे घडीच्या शिडीवर, चढले. त्यांनी पहिल्यांदा हात घातला तो ओल्या फडक्याला. नागपुरात हिवाळाभर पंखे बंद असतात, त्या आधीच्या उन्हाळ्यात कूलरच्या दमट हवेने पात्यांवर धुळीचा चिकट थर बसलेला असतो, आणि एरवीच्या झटकण्यात हाताशी येणारे पाते तेवढे पुसले जाते. प्रत्येक पात्यावरची धूळ आधी कोरडी खरवडून वेगवेगळ्या वर्तमानपत्रावर ठेवावी, असे त्यांनी काकूंना सांगितले. जमिनीवर मांडलेले हे तीन ढीग पाहा. तिसरा पहिल्याच्या निम्माही नाही. ही मांडणी कॅमेऱ्यासाठी केलेली नव्हती, मिस्त्रींची तशी सवयच आहे.

त्यानंतर छतालगतची वाटी खाली सरकवली गेली आणि एरवी कुणाच्याही नजरेस न पडणारा भाग समोर आला. स्लॅब टाकताना सळईला अडकवून ठेवलेला हुक, त्यात बसलेला शॅकल म्हणजे यू आकाराची लोखंडी कडी, मधला रबरी तुकडा, आरपार गेलेला बोल्ट, त्यावरचा नट, आणि नट फिरून निघू नये म्हणून बोल्टच्या टोकातून घातलेली पिन. या पिनेचे दोन्ही पाय फाकवलेले असले पाहिजेत. येथे एक पाय सरळ होता, तो पकडीने वळवण्यात आला. सततच्या हादऱ्याने नट सैल होतो आणि पिन निसटली तर पंखा खाली येऊ शकतो, म्हणून ही तपासणी वर्षातून एकदा व्हावी. वाटी परत वर सरकवताना ती छताला टेकणार नाही एवढी फट ठेवली, कारण या रबरावर पंख्याला थोडे झुलू देणे अपेक्षितच असते आणि टेकलेली वाटी खडखडते.

आता पाती. मोटारीशी पाते जोडणाऱ्या पट्टीचे सगळे स्क्रू मिस्त्रींनी एकेक करून आवळले. त्यांतील दोन पाव फेरा फिरले. खरी गोष्ट त्यानंतर उघड झाली. त्यांनी मोजपट्टी छताला उभी टेकवली, पात्याचे टोक तिच्याशी आणले आणि आकडा भिंतीवर पेन्सिलने लिहिला. मोजपट्टी जागेवरून न हलवता हाताने पंखा फिरवून दुसरे आणि मग तिसरे पाते त्याच ठिकाणी आणले. भिंतीवर दिसणारे आकडे ३६.२, ३६.१ आणि ३७ सेंटिमीटर असे आहेत. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालून जातो, पण तिसरे पाते आठ-नऊ मिलिमीटर खाली लोंबत होते. दिवाळीच्या साफसफाईत स्टुलावर उभे राहून कुणीतरी तेच पाते धरून पुसले होते, हे काकूंनी हसत मान्य केले. नाव मात्र सांगितले नाही.

पाते पातळ पत्र्याचे असते, त्याला वाकवायला जाऊ नये, त्याचा पीळ बिघडतो. मिस्त्रींनी एका हाताने मोटारीची बॉडी धरली आणि दुसऱ्या हाताने पात्याची पट्टी जोडाजवळ धरून हलकेच वर दाबली, पुन्हा मोजले, पुन्हा दाबले. चौथ्या खेपेला आकडा ३६.३ आला. मग त्यांनी सुतळी काढली. १२०० मिलिमीटरच्या पंख्यात एका पात्याच्या टोकापासून शेजारच्या पात्याच्या टोकापर्यंतचे अंतर तिन्हीकडे सारखे, म्हणजे सुमारे १०४ सेंटिमीटर असायला हवे. भूमितीतील समभुज त्रिकोण शाळा सुटल्यावर छतावर असा भेटतो. येथे ती तिन्ही अंतरे जुळली.

मेन स्विच चालू करून पंखा पाचवर नेला, तेव्हा डोलणे बरेच कमी झाले होते, संपले नव्हते. उरलेल्या दोषासाठी लागते एक रुपयाचे नाणे, ज्याचे वजन मालिकेनुसार साधारण तीन ते पाच ग्रॅम असते. पंखा बंद करून, तो पूर्ण थांबल्यावर, नाणे पात्याच्या वरच्या बाजूला मधोमध चिकटपट्टीने लावायचे, पंखा चालवून पाहायचा, आणि तसेच दुसऱ्या व तिसऱ्या पात्यावर करायचे. पहिल्या पात्यावर नाणे लावताच पंखा आधीपेक्षा जास्त हालला, दुसऱ्यावर थोडा सुधारला, तिसऱ्यावर फारसा फरक पडला नाही. मिस्त्रींनी दुसरे पाते निश्चित केले आणि नाणे दर खेपेला चार बोटे टोकाकडे सरकवत नेले, कारण मध्यापासून जितके दूर तितका त्याच वजनाचा जोर जास्त. चढणे-उतरणे सात वेळा झाले; चित्रीकरणात आम्ही त्यातील तीनच ठेवले आहेत. बरेच जण थेट नाण्यापासूनच सुरुवात करतात आणि वाकलेल्या पात्यावर वजन लादत बसतात, म्हणून हा क्रम इतक्या तपशिलाने दाखवला.

हे सगळे करूनही पंखा हालत राहिला, तर बेअरिंग पाहावे लागते. या घरात ती वेळ आली नाही. जुना साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो आणि नवा बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा, पंखा ३० वॅटच्या आसपास, त्यामुळे विजेच्या हिशेबाने पंखा बदलणे योग्य ठरू शकते. तो हिशेब वेगळा ठेवावा. हालतो म्हणून पंखा बदलला आणि नव्या पंख्याचे पातेही पुढच्या दिवाळीत धरून पुसले, तर तोही हालेल.

पंखा आता पाचवर आहे. भिंतीवर सावलीची कड स्थिर आहे आणि खाली पेन्सिलचे तीन आकडे तसेच आहेत. काकूंनी ते पुसू दिले नाहीत. मिस्त्रींनी घोडा मिटला आहे आणि काकू त्यांना आतल्या खोलीतील पंखा दाखवत आहेत.