जनुकं तीच, टीव्ही नवा

नमस्कार श्रोतेहो. वयात आलेली मुलगी जेवण टाकायला लागली, की घरात दोन पक्ष पडतात. आजी म्हणते, "आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं." वडील म्हणतात, "बारावीचं टेन्शन आहे, सीईटी झाली की जेवेल." अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे वजन धोक्याइतकं उतरलं तरी खायची भीती, आणि बुलिमिया, म्हणजे भरमसाट खाऊन मग उलटी काढणं. हे आजार घराण्यातून येतात की ताणातून? दोन्हींतून. पुन्हा सांगतो, दोन्हींतून. ते पटावं म्हणून तुम्हाला जरा फिजीला नेतो.

फिजी हा पॅसिफिक महासागरातला बेटांचा देश. तिथल्या खेड्यांत भरल्या अंगाची बाई म्हणजे चांगल्या घरची, माणसांनी नीट सांभाळलेली. कुणाची भूक मंदावली तर तो आजारच मानायचे, त्याला वेगळं नाव होतं आणि त्यावर झाडपाल्याचं औषध होतं. जेवणाच्या वेळी दारावरून जाणाऱ्यालाही हाक मारायचे, या जेवायला! (आग्रहाच्या बाबतीत पुण्याची ख्याती काय, ते मी सांगायला नको. पण आपल्याकडे पंगत होती तोवर निदान वाढपी तरी ताटाकडे बघायचा. कार्यालयांत बुफे आला आणि कोण जेवलं, कोण नुसतं ताट घेऊन फिरलं, हे कुणाला कळेनासं झालं. असो.)

तर १९९५ मध्ये तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही आला. हार्वर्डच्या मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅन बेकर यांनी काही आठवड्यांतच शाळकरी मुलींना प्रश्नावली दिली. वजन उतरवायला उलटी काढते, असं एकीनेही सांगितलं नाही. १९९८ मध्ये त्याच भागात पुन्हा साठ-पासष्ट मुलींना विचारलं. या वेळी शंभरी ११ मुली 'हो' म्हणाल्या. आणि शंभरी ७४ जणींना आपण जाड आहोत असं अधूनमधून तरी वाटत होतं. बारीक झालो तर पडद्यावरच्या मुलींसारखी नोकरी मिळेल, असंही काही जणी म्हणाल्या. भूक मंदावली की औषध देणाऱ्या गावात, तीन वर्षांत!

तीन वर्षांत जनुकं बदलत नाहीत. म्हणजे हे वातावरणाने केलं. पण टीव्ही तर सगळ्याच मुली बघत होत्या, मग बाकीच्यांनी उलट्या का नाही काढल्या? जनुकांचा प्रश्न इथे येतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं, की अ‍ॅनोरेक्सिया कुणाला होतो आणि कुणाला नाही, या फरकात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. २०१९ मध्ये सुमारे १७ हजार रुग्णांच्या अभ्यासात जनुकसंचातल्या, अ‍ॅनोरेक्सियाशी जोडलेल्या ८ जागा सापडल्या. शिवाय या आजाराचं नातं मनाइतकंच चयापचयाशीही निघालं. उपाशी राहिलं की बहुतेकांची चिडचिड होते. काही मुलींना मात्र शांत वाटतं. अशा मुलीला परीक्षेचा ताण आला, किंवा लग्नात एखाद्या मावशीने "अगं, किती सुटलीस!" म्हटलं, तर तिचं डाएट थांबतच नाही. मावशींनी वजनावर बोलणं सोडावं, हे माझं जुनंच मत आहे.

डबा भरलेलाच परत येतो, जेवण झालं की लगेच बाथरूमचं दार लागतं, पाळी चुकते, केस गळतात, यातलं काही दिसलं तर सीईटीची वाट बघू नका. उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं, त्याचा फटका हृदयाला बसतो. आधी फिजिशियनकडून रक्त आणि ईसीजी तपासून घ्या, आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळही त्याच आठवड्यात घ्या.